कोपऱ्यावरचा खांब

आमच्या गोदामात शिरलं की डाव्या हाताला पहिली रांग लागायची. त्या रांगेच्या तोंडाशी जो लोखंडी खांब होता, त्याने त्या उन्हाळ्यात माझी झोप उडवली होती. खांब म्हणजे रॅकचा पाय. अशा पायांना आडव्या पट्ट्या अडकवलेल्या, पट्ट्यांवर लाकडी फळ्यांचे पाट, म्हणजे पॅलेट, आणि पॅलेटवर खाद्यतेलाचे पत्र्याचे डबे, पार छताच्या पत्र्यांपर्यंत. एवढा भार ज्याच्यावर, तो खांब जाडीला माझ्या मनगटापेक्षा थोडाच जास्त. सरळ उभा असेपर्यंत त्याला काही होत नाही. वाकला की संपलं.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतलं हे गोदाम. मी तिथे सुपरवायझर. पिंप्राळ्यातून स्कूटीवर सकाळी यायचं, शटर उघडून घ्यायचं, कुठला माल कुठल्या रांगेत लावायचा आणि कुठल्या ट्रकमध्ये चढवायचा ते बघायचं. माझं लहानपण दीपनगरच्या वसाहतीत गेलं. वडील तिथल्या वीज केंद्रात फिटर होते. वाकलेलं लोखंड ठोकून सरळ केलं तरी पहिल्यासारखं होत नाही, हे मी शाळेत नाही शिकले, घरी जेवताना शिकले.

पॅलेट उचलणारी फोर्कलिफ्ट गाडी नाना चालवायचे. साक्री तालुक्यातले, अंगाने बारीक, डोक्यावर कायम पांढरा रुमाल. वय झालं होतं, साखरेचा आजार होता, म्हणून जेवणाची वेळ ते कधी चुकवत नसत. माझ्याशी ते अहिराणीतच बोलायचे आणि मी पिंप्राळ्याच्या शहरी मराठीत उत्तर द्यायचे. दोघांचंही काही अडत नसे.

नाना चांगले चालवायचे. पण गाडी नवी आणली ती आधीच्यापेक्षा मोठी, आणि रांगांमधली वाट मात्र तेवढीच राहिली. पहिल्या रांगेत वळताना गाडीची मागची बाजू बाहेर फेकली जायची आणि कोपऱ्यावरच्या खांबाला घासायची. सुरुवातीला नुसता रंग गेला. मग पोचा आला. एका दुपारी मी खाली बसून खांबावर हात फिरवला, तर गुडघ्याच्या उंचीवर तो आत गेलेला हाताला लागला.

मी नानांना बोलावून दाखवलं. त्यांनी रुमाल काढून कपाळ पुसलं.

"गाडी मोठी शे नि गल्ली ल्हान, ताई," ते म्हणाले. "मी काय करू?"

मॅनेजरसाहेब वयाने माझ्याहून लहान. त्यांनी खांब बघितला आणि ट्रकचे जुने टायर आणवून खालच्या बाजूला बांधून घेतले. टायरने काय झालं, तर पोचा दिसेनासा झाला. धडक बसायची तेव्हा धप्प असा मऊ आवाज यायचा आणि सगळे निर्धास्त. मी टायर सोडवून पाहिला, तर आतला खांब आणखी वाकलेला होता.

या खांबांसाठी जाड लोखंडाचे गार्ड मिळतात. पिवळ्या रंगाचे. खांबाच्या पुढे जमिनीत बोल्ट ठोकून बसवायचे, म्हणजे गाडीची धडक गार्डवर जाते, खांबाला लागत नाही. मी मॅनेजरसाहेबांकडे त्यासाठी लकडा लावला. शेवटी ते वैतागून म्हणाले, "मॅडम, माझ्या हातात आहे का ते? शेठना सांगा."

शेठ धुळ्याला बसायचे. मी सुटी टाकली आणि एसटीने निघाले. एरंडोल, पारोळा करत, तापलेल्या खिडकीला डोकं टेकता येत नव्हतं अशा उन्हात. मोबाईलमध्ये त्या खांबाचे फोटो होते. शेठ चांगलं बोलले. थंड पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला, फोटो मोठे करून पाहिले.

"गार्ड मागवतो मी," ते म्हणाले. "आजच सांगतो."

मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

"पण बसवायचं लग्नसराई आटोपल्यावर, ताई. आता काम थांबवता येणार नाही. फरशीला भोकं पाडायची तर सगळी रांग मोकळी करावी लागेल ना?"

"मग निदान त्या कोपऱ्यावरचा वरचा माल उतरवू द्या, शेठ. खांबावरचं वजन तरी कमी होईल."

"उतरवून ठेवणार कुठे? गोदाम गच्च आहे हे तुम्हीच सांगताय."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. गोदाम गच्च होतं. रोज ट्रक लागत होते आणि मे महिन्यात खानदेशात घरोघरी लग्नं. मी उठले, नमस्कार केला आणि परतीची गाडी धरली.

गार्ड खरंच आले. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले, चकचकीत. ते कंपाउंडच्या भिंतीला टेकवून ठेवले गेले आणि तिथेच उन्हात पडून राहिले. येताजाता ते मला दिसायचे. कधीकधी वाटायचं, आपणच एखादं ड्रिल घेऊन यावं आणि फरशीला भोकं पाडायला बसावं.

मी जे जमेल ते केलं. फरशीवर पिवळा पट्टा मारला. खांबापुढे रिकामं पिंप ठेवलं. माल काढताना आड येतं म्हणून हमालांनी ते हटवलं. मी पुन्हा ठेवलं, त्यांनी पुन्हा हटवलं. मग मी स्वतःच जाऊन उभी राहायला लागले. नाना वळायला आले की मी खांबाला पाठ लावून उभी आणि हाताने खूण करायची: या, या, थांबा. वाकलेल्या खांबाला मी माझ्या अंगाचं कुंपण केलं होतं. पण त्या दिवसांत दुसरं काही सुचतच नव्हतं. घरी भाकरी थापताना मला तो खांब दिसायचा. मुलगी काही विचारायची आणि मी ऐकलेलंच नसायचं.

नाना गाडी थांबवून ओरडायचे, "तू तठे उभी ऱ्हाऊ नको, तुले लागी!"

"तुम्ही वळा हो, नाना. मी आहे."

ज्या दिवशी ते झालं, त्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी मला गेटवर बोलावलं होतं. दोन ट्रकवाल्यांची आधी कोण लावणार यावरून जुंपली होती. जेवणाची वेळ टळून चालली होती. बाहेर ऊन असं होतं की गेटच्या लोखंडाला हात लावता येईना. मी ट्रकवाल्यांना समजावत होते आणि आतून आवाज आला.

त्या आवाजाला काय म्हणावं ते मला अजून कळलेलं नाही. आधी लोखंड ओरडल्यासारखं झालं. मग एक क्षण काहीच नाही. आणि मग डबे पडायला लागले. पत्र्याचे भरलेले डबे, एकावर एक, थांबेचनात. मी पळाले. शटरच्या आत पाऊल टाकलं आणि घसरून हातांवर पडले. फरशीभर तेल वाहत होतं.

काय झालं ते तिथल्या हमालांनी मला नंतर सांगितलं. एक डबा आधीच फुटून वाटेत तेल सांडलं होतं. नाना भरलेलं पॅलेट उचलून वळले, मागची चाकं तेलावरून सरकली आणि गाडीचं ढुंगण जाऊन खांबावर आदळलं. खांब गुडघ्यातून मोडला. त्याच्या आधारावरच्या पट्ट्या खाली आल्या आणि नानांच्या गाडीवर अडकल्या. ड्रायव्हरच्या डोक्यावर लोखंडी जाळीचं छत असतं, त्याच्यावर. म्हणजे आता तो सगळा कोपरा, वर उरलेल्या मालासकट, नानांच्या गाडीवर टेकलेला होता. खांबाचं काम गाडी करत होती आणि गाडीत नाना होते.

"नाना!" मी ओरडले. "नाना!"

डब्यांच्या ढिगाऱ्यामागून आवाज आला. बारीक, पण आला.

"मी शे, ताई. आठेच शे."

"लागलंय का?"

"पाय दबायेल शे. बाकी काही व्हयेल नही." जरा थांबून म्हणाले, "मी हालनू ते बठ्ठं खाले ई. मी हालत नही."

हमाल आत धावायला निघाले. मी दोन्ही हात आडवे करून त्यांना अडवलं. मॅनेजरसाहेब फोनवर अग्निशमन दलाला पत्ता सांगत होते आणि त्यांच्या तोंडून आमच्याच गल्लीचं नाव निघत नव्हतं. मी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि पत्ता सांगितला.

अग्निशमनची माणसं लवकर आली. त्यांचा मोठा माणूस दारात उभा राहून वर बघत राहिला. शेजारची रांगसुद्धा कलली होती. तो म्हणाला, "कुणीही आत जायचं नाही. एक डबा हलला तर सगळं येईल. आधी टेकू पाहिजेत. खालून एकेक टेकू लावत आत जायचं, मग माणूस काढायचा."

टेकू त्यांच्या गाडीत पुरेसे नव्हते. रस्त्यापलीकडे एका इमारतीचा स्लॅब टाकायचा होता, तिथे सेंटरिंगचे लोखंडी टेकू उभे केलेले मला रोज दिसायचे. मी तशीच तेलाच्या कपड्यांनी रस्ता ओलांडला. मुकादम झाडाखाली डबा खात होता. मी काय बोलले ते मला आठवत नाही. त्याने हातातला घास खाली ठेवला आणि त्याच्या माणसांना हाक मारली. ती सगळी सातपुड्याच्या पायथ्याकडची माणसं होती. पाऊस येईपर्यंत शेतात काम नाही म्हणून इकडे आलेली. त्यांनी जेवण अर्धं टाकलं आणि खांद्यावर टेकू घेऊन ती रस्ता ओलांडून आली. त्यांचे पाय उघडे होते. डांबर तापलेलं होतं.

टेकू लावायला वेळ लागत होता. फरशीवर तेल, म्हणून टेकूचा पाय सरकायचा. अग्निशमनच्या माणसांनी आधी माती टाकली, मग फळी, मग टेकू. एक घट्ट झाला की पुढचा. मी शटरजवळ गुडघ्यांवर बसून नानांशी बोलत होते. वर पत्रे तापलेले आणि आत पंखे बंद केलेले, कारण कशाचाही हादरा नको होता.

थोड्या वेळाने नानांचा आवाज बदलला.

"ताई, माले घाम इ ऱ्हायना. डोयासमोर अंधारी ई ऱ्हायनी."

जेवणाची वेळ कधीच टळून गेली होती. सकाळची साखर उतरवायची गोळी घेतलेली आणि पोटात काही नाही. मी अग्निशमनच्या माणसाला म्हटलं, "त्यांना साखर द्यायला हवी. आत्ता. नाहीतर ते बेशुद्ध पडतील आणि अंग सोडून देतील."

"बाई, आत कुणाला सोडणार नाही मी."

"मग इथून देऊ."

शटर ओढायची आमची आकडी होती, लांब लोखंडी काठी, टोकाला हुक. हमालांच्या चहाची साखर आणि पाणी मी बाटलीत घातलं, बाटलीला सुतळी बांधली आणि हुकाला अडकवली. ढिगाऱ्याच्या खालच्या बाजूला पट्टी आणि डबे यांच्यामध्ये एक फट होती. पोटावर झोपून मी काठी त्या फटीतून सरकवली. काठी लांब आणि जड, माझ्या हातांना तेल. टोक डब्याला लागलं की मी थांबायचे. तेवढ्यात मागून कुणीतरी काठी धरली. मॅनेजरसाहेब माझ्या बाजूला तेलात पालथे झोपले होते. ते रडत होते आणि काठी अगदी स्थिर धरून होते.

"नाना, बाटली दिसतेय का?"

उत्तर नाही.

"नाना! तुमच्या डाव्या हाताला बघा. बाटली आहे. नाना, ऐकताय ना?"

काही नाही. मी त्यांना हाका मारत राहिले. त्यांच्या गावाचं नाव घेतलं, नातीचं नाव घेतलं, शिव्यासुद्धा दिल्या असतील. इतकी लाचार मी आयुष्यात कधी झाले नव्हते. एक बाटली, एक हात, आणि मधलं ते अंतर मला कापता येत नव्हतं.

मग काठीला हिसका बसला. अगदी हलका. मासा लागतो तसा.

"पी ऱ्हायनू," आवाज आला.

मी फरशीवर कपाळ टेकलं. तेलाचा वास माझ्या नाकातोंडात गेला आणि मी तशीच पडून राहिले.

टेकू गाडीपर्यंत पोचले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. अग्निशमनच्या माणसांनी मागच्या बाजूने गाडीच्या छताचा एक दांडा कापला आणि नानांना पाठीकडून ओढून काढलं. पाय एका पॅलेटखाली होता. पॅलेट उचललं तेव्हा नाना पहिल्यांदा ओरडले. रुग्णवाहिकेत चढवताना त्यांनी माझ्या ओढणीचं टोक धरलं आणि म्हणाले, "घर सांगू नको." मी घरी कळवणार होते, तरी होकाराची मान हलवली.

नाना दवाखान्यात असतानाच मोडका खांब बदलला आणि गार्ड बसले. माणसं आली, रांग मोकळी केली, भोकं पाडली, बोल्ट आवळले. जेवायच्या आत सगळं आटोपलं. मी ऑफिसच्या पायरीवर बसून ते बघितलं. ड्रिलचा आवाज थांबला आणि त्या माणसांनी चहा मागितला. मी उठून चहा सांगायला गेले, आणि टपरीपर्यंत पोचल्यावर कशासाठी आले तेच मला आठवेना.

पुढे घरच्यांना जवळ पडावं म्हणून नानांना धुळ्याच्या दवाखान्यात हलवलं. खर्चाचं कंपनीने बघितलं, त्यात कुचराई केली नाही. पण पाय काळा पडत चालला. साखरेमुळे जखम भरेना. डॉक्टर म्हणाले, पाय ठेवला तर माणूस जाईल. नाना सही करायला तयार होत नव्हते. त्यांच्या बायकोने मला फोन केला. नुसतं म्हणाली, "तुन्ह ऐकतस त्या. ये."

मी पुन्हा त्याच रस्त्याने धुळ्याला गेले. नाना खाटेवर उशीला टेकून बसले होते. डोक्यावर रुमाल नव्हता. त्यांचे केस इतके पांढरे असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. बायको खाली सतरंजीवर बसलेली.

नाना म्हणाले, "तू सांग, ताई. कापू दिऊ का?"

येताना सगळ्या रस्त्याने मी शब्द जुळवत आले होते. शेती, नात, पुढचे दिवस. त्यातलं एकही तोंडातून निघेना. ज्या पायाने हा माणूस इतकी वर्षं गाडीचा ब्रेक दाबत आला, तो कापा म्हणून सांगायला मी बसले होते. मला त्या क्षणी कुठेतरी पळून जावंसं वाटलं. पण त्यांच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर आशा वगैरे काही नव्हती. फक्त थकवा होता, आणि मी बोलण्याची ती वाट बघत होती.

"द्या, नाना," मी म्हटलं. "तुम्ही आम्हाला पाहिजे."

त्यांनी डोळे मिटले. मग हात पुढे करून बायकोला म्हणाले, "पेन दे."

पाऊस सुरू होऊन पिकं गुडघ्याला लागली तेव्हा मी त्यांच्या गावी गेले. नाना ओट्यावर बसले होते, कुबड्या भिंतीला लावून. पाय गुडघ्याखाली नव्हता. चेहरा भरला होता. त्यांनी मला बसवलं, चहा करायला सांगितला, माझ्या मुलीची चौकशी केली. गोदामाचं कुणीच काढत नव्हतं. मीही काढलं नाही.

चहा झाल्यावर त्यांनीच विचारलं, "गाडी कोन चालाडस आते?"

"पाचोऱ्याकडचा एक माणूस आलाय. तिशीतला. चांगला आहे, पण घाई करतो."

नाना समोरच्या बाजरीकडे बघत राहिले.

"त्याले सांगजो," ते म्हणाले, "फरशीवर तेल दिसनं का गाडी हालाडू नको. कोनी कितीबी ओरडो. उतरी जा."

मग त्यांनी मान हलवली.

"नही, ऱ्हाऊ दे. सांगू नको. तो भ्याई जाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या लागायच्या आधी मी त्या नव्या माणसाला पहिल्या रांगेत नेलं, खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. काहीही वगळलं नाही. ऐकून तो घाबरला. मी त्याला घाबरू दिलं.